उडी महागली का? लॉगबुकातला सत्तावीस वर्षांचा हिशेब

कोल्हापूरच्या एका वाचकाचा स्कायडायव्हिंगबद्दल, म्हणजे विमानातून छत्री घेऊन मारायच्या उडीबद्दल, प्रश्न असा आहे : "माझा मामेभाऊ १९९८ साली अमेरिकेत दीडशे डॉलरमध्ये टँडम उडी मारून आला होता. आता तिकडे अडीचशे सांगतात आणि आपल्याकडे तीस हजार रुपये. हे इतकं महाग कसं होत गेलं? आणि नुसती हौस म्हणून एक उडी न मारता नीट शिकायचं ठरवलं, तर किती पैसे बाजूला काढून ठेवावेत?"

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. अमेरिकेत उडी महागलेली नाही. टँडम, म्हणजे प्रशिक्षकाला बांधून एकाच छत्रीखाली दोघांनी मारायची उडी, तर महागाईचा हिशेब धरला तर स्वस्त झालंय. महागलंय ते उडीच्या आजूबाजूचं सगळं : साधनं, शिकणं, व्हिडिओ आणि आपली स्वतःची हाव. भारताची गोष्ट वेगळी आहे, तिच्याकडे शेवटी येतो.

मी मूळचा मिरजेचा. नोकरीच्या निमित्ताने कॅलिफोर्नियात आलो आणि १९९७ च्या मे महिन्यात पहिली उडी मारली. पुढे रिगर झालो. रिगर म्हणजे लोकांच्या राखीव छत्र्या उघडून, तपासून, पुन्हा घडी घालून त्यावर सही करणारा माणूस. आमचे वडील भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडायचे, ती खोड माझ्यातही उतरली. प्रत्येक स्कायडायव्हर लॉगबुकात उडीचा क्रमांक, उंची, विमान, छत्री कधी उघडली हे लिहितोच. मी समासात पेन्सिलीने त्या दिवशीचा तिकिटाचा भावही लिहीत आलो. मित्र हसायचे. आता तोच समास कामाला येतोय.

१९९७ : १६ डॉलर, साडेतेरा हजार फूट. २००५ : २० डॉलर. २००८ चा उन्हाळा : २३, आणि पुढे नुसतं "तेल" असं लिहून खाली दोन रेघा. २०१५ : २५. २०२४ : ३०. हे सरावलेल्या माणसाचं तिकीट, म्हणजे स्वतःची छत्री पाठीवर आणि फक्त विमानातल्या जागेचे पैसे. ड्रॉपझोनगणिक, म्हणजे उड्या मारायच्या ठिकाणागणिक, एकदोन डॉलर इकडेतिकडे होतात, पण चढ साधारण असाच आहे. अमेरिकेचा महागाई निर्देशांक १९९७ मध्ये १६० च्या आसपास होता, २०२४ मध्ये ३१३ च्या. म्हणजे तेव्हाचे १६ डॉलर आजचे ३१ होतात. सत्तावीस वर्षांत माझं तिकीट होतं तिथेच आहे, किंबहुना डॉलरभराने खालीच.

त्याच्या मागे गेलो तर आणखी गंमत आहे. माझ्या आधीच्या पिढीतले लोक सांगायचे, की ऐंशीच्या दशकात ढोबळ हिशेब असायचा "हजार फुटाला एक डॉलर". साडेबारा हजार फूट म्हणजे साडेबारा डॉलर. १९८२ च्या भावाने ते आजचे चाळीसेक डॉलर होतात. म्हणजे उडी तेव्हा खरोखर महाग होती. स्वस्त झाली ती विमानांमुळे.

तेव्हा बहुतेक ठिकाणी सेस्ना १८२ असायचं. वैमानिकाची सोडून सगळ्या खुर्च्या काढून टाकलेल्या. जमिनीवर गुडघे पोटाशी घेऊन चारजण एकमेकांना टेकून बसणार, आणि पंखाखाली वरच्या बाजूला उघडणारं एकच दार. दहा हजार फुटांवर पोचायला वीस-पंचवीस मिनिटं, आणि पेट्रोलसारखं ॲव्हगॅस पिणारं पिस्टन इंजिन. शनिवारी दिवसभर थांबून तीन उड्या झाल्या तरी माणूस खूश. मग टर्बाइनची विमानं आली : ट्विन ऑटर, कॅरॅव्हॅन, न्यूझीलंडचं पीएसी ७५०. ट्विन ऑटरमध्ये बावीसजण बसतात आणि पंधराएक मिनिटांत साडेतेरा हजारांवर दार उघडतं. उतरताना वैमानिक विमान अक्षरशः खाली सोडतो. आम्ही छत्रीखाली असतानाच ते धावपट्टीवर पुढच्या लोडसाठी, म्हणजे पुढच्या विमानभर माणसांसाठी, उभं असतं.

हा हिशेब एकदा नीट बघा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. ट्विन ऑटरच्या एका फेरीला ढोबळमानाने तीस गॅलन इंधन जातं, म्हणजे शंभराहून थोडं जास्त लिटर. गॅलनला पाच डॉलर धरले तर दीडशे. बावीसजणांत वाटले तर माणशी सात डॉलरसुद्धा नाही. तिकिटाचे ३० डॉलर गुणिले २२, फेरीची आवक ६६० डॉलर. तेच विमान अकराजण घेऊन गेलं तर इंधन तेवढंच, वैमानिकाचा पगार तेवढाच आणि आवक निम्मी. शिवाय इंजिनाचा तास चालूच असतो. प्रॅट अँड व्हिटनीच्या पीटी६ जातीच्या इंजिनाला साधारण ३,६०० तासांनी पूर्ण उतरवून दुरुस्त करावं लागतं, त्याचं बिल काही लाख डॉलरचं असतं, आणि अशी इंजिनं दोन. म्हणून मॅनिफेस्टच्या, म्हणजे कोण कुठल्या फेरीत जाणार याची यादी करणाऱ्या, खिडकीत बसलेली बाई "अजून सहाजण हवेत, मग बोलावते" म्हणते तेव्हा तिच्यावर चिडू नका. तिला रिकामी जागा दिसत असते.

२००८ च्या त्या दोन रेघांबद्दल. त्या जुलैत कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरपर्यंत गेलं. सगळ्या ड्रॉपझोननी तिकिटावर एक-दोन डॉलर "तात्पुरता इंधन अधिभार" लावला. वर्ष संपायच्या आत तेल कोसळलं. अधिभार नावापुरता गेला, पण तो तिकिटातच विरघळला होता. भाव वाढतो त्या कारणाने तो उतरत नाही, हे मंडईत कांदा घेणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

आता टँडम. मामेभावाचे १९९८ चे दीडशे डॉलर आजच्या भावाने २९० च्या घरात जातात. तुम्हाला अडीचशे सांगितले, म्हणजे तुम्हाला स्वस्तच पडतंय. टँडम तसं अलीकडचं प्रकरण आहे. १९८३-८४ च्या सुमारास अमेरिकेत टेड स्ट्राँग आणि बिल बूथ या दोघांनी दोन माणसांची छत्री रूढ केली, आणि २००१ पर्यंत तिथल्या विमान प्रशासनाच्या लेखी ती "प्रयोग" म्हणूनच चालली होती. त्याआधी पहिली उडी म्हणजे दिवसभराचा वर्ग, मग तीनेक हजार फुटांवरून विमानाला बांधलेल्या दोरीने आपोआप उघडणारी गोल छत्री. ते खूप स्वस्त होतं, पण त्याला काळीज लागायचं. टँडमने ती अट काढून टाकली. वीस मिनिटांची माहिती घ्या, प्रशिक्षकाला बांधून घ्या, चला.

त्या अडीचशेत काय काय येतं? विमानातल्या दोन जागा. प्रशिक्षकाचे चाळीस-पन्नास डॉलर. पॅकरचे, म्हणजे छत्रीची घडी घालणाऱ्याचे, पैसे. टँडमची छत्री प्रचंड, तिचा पाठीवरचा झोळा नवा घेतला तर चारचाकी येईल इतका महाग, आणि त्याच्या दोऱ्या-पट्ट्या ठरावीक उड्यांनंतर बदलाव्याच लागतात. तरीही उरतं. आणि जे उरतं त्यावरच ट्विन ऑटर उभं असतं. माझं ३० डॉलरचं तिकीट स्वस्त राहिलंय ते तुमच्या मामेभावासारख्यांमुळे, हे आमच्यातले बरेच जण मान्य करत नाहीत. टँडमवाले आधी चढले की नाक मुरडतात. शनिवारी सकाळी लास वेगासला निघालेली, वाटेत थांबलेली ती दहा पोरं नसती तर आपण अजून सेस्नात गुडघे मुडपून बसलो असतो.

व्हिडिओचं मात्र मला पटत नाही. १९९७ साली व्हिडिओ काढणारा वेगळा माणूस उडी मारायचा. हेल्मेटवर हाय-८ चा जड कॅमेरा, शेजारी फिल्मचा स्थिर कॅमेरा, ३६ फोटो संपले की संपले. दातात धरलेल्या बटणाने फोटो काढायचा. खाली येऊन टेप जोडून, गाणं टाकून व्हीएचएसवर द्यायचा. मानेची वाट लागायची बिचाऱ्याची. आज प्रशिक्षकाच्याच मनगटावर काडेपेटीएवढा कॅमेरा असतो, जोडणी संगणक करतो, आणि दर शंभर ते दीडशे डॉलर. खर्च नव्वद टक्क्यांनी उतरला आणि भाव वर गेला. टँडमचा मूळ दर स्पर्धेमुळे वाढवता येत नाही, तो इथून काढतात. समजून घ्या आणि परवडत असेल तर घ्याच, कारण पहिल्या उडीतलं तुम्हाला स्वतःला फारसं काही आठवणार नाही.

साधनांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तो माझा धंदा आहे.

युद्धानंतरची वीस-पंचवीस वर्षं या खेळाला साधनं जवळजवळ फुकट मिळाली. सैन्याच्या उरलेल्या गोल छत्र्या कवडीमोलाने विकल्या जायच्या. लोक त्यांच्या मागच्या बाजूला कापडाच्या फाकी कापून काढत, म्हणजे हवा एका बाजूने सुटून छत्री थोडी तरी पुढे सरकेल. उतरताना घोटे मोडत. १९६४ मध्ये पॅरा-कमांडर नावाची वळवता येणारी गोल छत्री आली, आणि त्याच दशकात डोमिना जॅल्बर्टने चौकोनी, पंखासारखी हवा भरून उडणारी छत्री केली. आज जी दिसते ती तिची नात. तिथून साधनं "उरलेली" राहिली नाहीत. ती खास या खेळासाठी शिवली जाऊ लागली, आणि शिवणारे हात थोडे, गिऱ्हाईक थोडं, त्यामुळे भाव चढेच राहिले. १९९८ मध्ये मी जुना संपूर्ण संच २,२०० डॉलरला घेतला. आज तसा बरा वापरलेला संच चार ते सहा हजारांत मिळतो. नवा कोरा मापाने शिवून घेतला तर आठ-दहा हजार, आणि वर काही महिने थांबा.

माझ्या त्या २,२०० ची कथा सांगतो, म्हणजे कोणाचे पैसे वाचतील. विकणारे गृहस्थ म्हणाले, छत्रीवर फक्त चारशे उड्या आहेत. असतीलही. पण दोऱ्या आखडलेल्या होत्या. उघडताना दोऱ्यांवरची सरकपट्टी दर वेळी घासत खाली येते, त्या उष्णतेने काही जातींच्या दोऱ्या आकसतात, आणि कडेच्या दोऱ्या मधल्यांपेक्षा जास्त आकसतात. छत्री उघडली की एका बाजूला ओढायची. मला वाटायचं माझंच काहीतरी चुकतंय. वर्षभराने एका म्हाताऱ्या रिगरने ती जमिनीवर ताणून, दोन्ही बाजूच्या दोऱ्या एकमेकांशेजारी धरून दाखवल्या. तीन-चार इंचांचा फरक. नव्या दोऱ्यांना ३०० डॉलर गेले. त्या दिवशीच ठरवलं, हे काम आपल्याला आलं पाहिजे.

राखीव छत्रीचा हिशेब उलटा आहे. अमेरिकेत ती दर १२० दिवसांनी उघडून पुन्हा बांधावी लागायची. डिसेंबर २००८ पासून ती मुदत १८० दिवसांची झाली. मी सुरुवात केली तेव्हा एका बांधणीचे चाळीसेक डॉलर होते, आता ऐंशी ते शंभर. पण वर्षाला तीनऐवजी दोनदाच. दर दुपटीहून वाढला आणि वर्षाचा खर्च दीडपट. या कामाला दोन-तीन तास लागतात. कापड दिव्याखाली धरून बघायचं, दोरी न् दोरी बोटांतून सोडायची, घडी घालून गुडघ्याने हवा काढायची, पिन सरकवायची, लाल दोरा ओवून शिशाचं सील दाबायचं, कार्डावर तारीख नि सही. आणि शेवटी हत्यारं मोजायची. एखादी तात्पुरती पिन आत राहिली तर ती छत्री उघडणारच नाही. शंभर डॉलर जास्त वाटत असतील तर तुम्ही कधी ती हत्यारं दुसऱ्यांदा मोजलेली नाहीत.

एकच वस्तू अशी आहे जिच्यावर माझा राग नाही. सायप्रेस हे स्वयंचलित उघडणारं यंत्र. जर्मनीत हेल्मुट क्लॉथने १९९१ मध्ये आणलं. माणूस बेशुद्ध पडला, भान सुटलं, आणि साडेसातशे फुटांच्या आसपासही जोरात खाली पडतच असला, तर ते राखीव छत्रीच्या झोळ्यातला फास कापून टाकतं. नव्वदच्या दशकात ते बाराशे डॉलरच्या आसपास मिळायचं आणि बारा वर्षं चालायचं. आज चौदाशेच्या आसपास आणि आयुष्य साडेपंधरा वर्षं. वर्षाला शंभर डॉलरसुद्धा नाहीत. २०२३ मध्ये अमेरिकेत साडेछत्तीस लाखांच्या आसपास उड्या झाल्या आणि दहा माणसं गेली. सत्तरच्या दशकात उड्या खूप कमी होत्या आणि वर्षाला चाळीसच्या वर जायची. या फरकात त्या डबीचा वाटा मोठा आहे.

मग हाव कुठे आली? टर्बाइनमुळे दिवसाला आठ उड्या शक्य झाल्या. आठ गुणिले तीस, वर पॅकरचे दर उडीला दहा. संध्याकाळी ३२० डॉलर संपलेले असतात. १९९७ ला मी दिवसाला साठात घरी यायचो, कारण चौथं विमानच मिळायचं नाही. त्यात आता हवेचे बोगदे आलेत. बंद नळकांड्यात खालून वारा, त्यावर तरंगायचं. मिनिटाला पंधरा डॉलरच्या आसपास पडतो. ऐकायला भयंकर वाटतं, पण तीस डॉलरच्या उडीत मोकळं पडण्याचा वेळ मिनिटभरच असतो. शिकणाऱ्याला बोगदा स्वस्त आहे. असा एक आता हैदराबादलाही आहे.

आता आपल्याकडचे तीस हजार.

भारतात बरीच वर्षं उडीला किंमतच नव्हती, म्हणजे शब्दशः. सैन्यात असाल, किंवा एनसीसीतून निवड होऊन आग्र्याच्या हवाई दलाच्या शाळेत गेलात, तर सरकारी खर्चाने उडी. नाहीतर नाहीच. पैसे देऊन उडी हा प्रकार गेल्या दीड-पावणेदोन दशकांतला : लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅली, मैसूर, मध्य प्रदेशात सागरजवळचं ढाना, गुजरातेत डीसा, अलीकडे हरियाणात नारनौल. दहा-बारा वर्षांपूर्वीही टँडम पंचवीस-तीस हजारांच्या घरात होतं, आजही जवळपास त्याच घरात आहे. म्हणजे तिथेही भाव फार वाढलेला नाही. तो जन्मतःच जास्त होता.

कारण वर दिलेला रिकाम्या जागेचा हिशेब. यातली बरीच शिबिरं काही दिवसांची किंवा हंगामी असतात. विमान लांबून आणायचं, धावपट्टी आणि हवाई क्षेत्राच्या परवानग्या घ्यायच्या, प्रशिक्षक बऱ्याचदा परदेशातून बोलवायचे, त्यांची तिकिटं, राहणं, आणि हे सगळं थोड्या उड्यांत वसूल करायचं. पावसाळ्याचे चार महिने गेलेच. विमान लहान आणि ॲव्हगॅसवर चालणारं असेल, तर ते इंधन २०२२ पर्यंत पूर्णपणे आयात व्हायचं. त्या वर्षी इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या शुद्धीकरण कारखान्यात ते बनवायला सुरुवात केली. साधनं सगळी आयातीची. वर १८ टक्के जीएसटी. आणि सगळ्यात मोठी उणीव : माझ्यासारखे दर रविवारी येऊन उरलेल्या जागा भरणारे लोक नाहीत. टँडमवाला येतो, फोटो काढतो, आयुष्यातली एक गोष्ट झाली म्हणून जातो. त्याला पुन्हा यायला नेहमीचं ठिकाण नाही, आणि नेहमीचे लोक नाहीत म्हणून नेहमीचं ठिकाण होत नाही.

पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये नऊवारी नेसून उडी मारली ती थायलंडच्या पट्टायाला. आयुष्यातली पहिलीच उडी उत्तर ध्रुवावर मारलेल्या, पद्मश्री मिळालेल्या बाईंना नऊवारीतली उडी मारायला परदेश गाठावा लागतो, यावरून आपल्याकडच्या सोयीची कल्पना यावी.

रुपयाचंही एक आहे. १९९७ ला डॉलर ३६ रुपयांचा होता, माझं १६ डॉलरचं तिकीट ५७६ रुपयांना पडायचं. आज ३० डॉलर म्हणजे अडीच हजारांच्या वर. डॉलरमध्ये जागच्या जागी राहिलेली उडी रुपयात चौपटीहून वर गेली. आईला मी पहिल्यांदा आकडा सांगितला तेव्हा तिने फोनवर एवढंच विचारलं होतं, "परतीच्या विमानाचे धरून का?"

शिकायचं असेल तर : अमेरिकेत शून्यापासून ए परवान्यापर्यंत, म्हणजे एकट्याने उडी मारण्याच्या पहिल्या परवान्यापर्यंत, किमान २५ उड्या, आजच्या भावाने तीन ते चार हजार डॉलर धरा. साधारण अडीच ते साडेतीन लाख रुपये. विमानाचं तिकीट आणि राहणं वेगळं. यात २५ चा आकडा "किमान" आहे हे विसरू नका, एखादा टप्पा पुन्हा करावा लागतो आणि त्याचे दोन-अडीचशे जातात. त्याआधी पंधरा-वीस मिनिटं बोगद्यात घालवलीत तर तो टप्पा बहुतेक वाचतो. तीन आठवड्यांपेक्षा कमी सुट्टी घेऊन येऊ नका. वारा सुटला की विद्यार्थी आधी थांबवतात, आणि हॉटेलचं बिल चालू राहतं. साधनं पहिल्या वर्षी भाड्याने घ्या. तुमचा हात बसेपर्यंत छत्रीचं माप बदलत राहतं.

घाऊक तिकिटांच्या मोहात पडू नका. वीस तिकिटं एकदम घेतली की दोन डॉलर कमी, म्हणून मी एका ठिकाणी चारशे डॉलर आधी भरले होते. बारा तिकिटं उरली असताना ते ठिकाण बंद झालं. ती बारा तिकिटं लॉगबुकाच्या मागच्या कप्प्यात अजून आहेत. आणि टँडम मधल्या दलाल संकेतस्थळावरून काढू नका, थेट ड्रॉपझोनला फोन करा. फोनवर वजन विचारतील, खरं सांगा. नव्वद किलोच्या वर बऱ्याच ठिकाणी जादा आकार आहे, आणि तिथे गेल्यावर काट्यावर उभं करतातच.